'डोअर' आणि 'द्वार': जर्मानिक भाषांतील घरगुती शब्दाचे कूळ कसे शोधावे

इंग्रजी 'डोअर' आणि संस्कृत 'द्वार' शेजारी शेजारी ठेवून 'हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला' असे सांगणारे मजकूर मराठीत सतत फिरत असतात, आणि त्यांना उत्तर देताना 'हा निव्वळ योगायोग आहे' असे म्हणणारेही तितकेच चुकतात. हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. मात्र ते सारखे दिसतात हा त्या नात्याचा पुरावा नव्हे. ध्वनिनियमांचा हिशेब नीट मांडला तर ते आज दिसतात तितके सारखे दिसायलाच नको होते. हा हिशेब कोणत्या क्रमाने मांडायचा, कोणत्या पायरीवर लोक हमखास घसरतात आणि पुढे जाण्यापूर्वी काय पडताळायचे, हे या लेखात एकाच शब्दावर काम करत दाखवले आहे. क्रम बदलला की निष्कर्ष बिघडतो, म्हणून पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात.

तयारी

किमान तीन कोश हाताशी असावेत. इंग्रजीसाठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, कारण तिच्यात प्रत्येक रूपाबरोबर कालक्रमाने अवतरणे असतात. जर्मनसाठी क्लूगे यांचा व्युत्पत्तिकोश. आणि भारतीय आर्य भाषांसाठी टर्नर यांचा तौलनिक कोश. मराठी शब्दाची बाजू तपासण्यासाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोशही पाहावा. इंटरनेटवरील मुक्त कोश शोधाची सुरुवात करायला उत्तम आहेत, परंतु तेथील प्रत्येक जुने रूप छापील किंवा संपादित कोशात पुन्हा पाहिल्याशिवाय नोंदवहीत उतरवू नये.

नोंदवहीत पाच रकाने आखावेत: भाषा, रूप, काळ, लिंग व वचन, आणि अर्थ. बहुतेक लोक पहिले दोनच रकाने भरतात. चौथा रकाना निरुपयोगी वाटतो, पण याच शब्दात पुढे तो फार मोलाचा ठरणार आहे.

दोन संकेत आधीच ठरवून घ्यावेत. पहिला लिपीचा. इंग्रजी शब्द मराठीत लिहिताना आपण सवयीने 'ट' आणि 'ड' वापरतो, त्यामुळे 'डोअर' आणि 'द्वार' यांत मूर्धन्य आणि दंत्य असा काही मूळचा भेद असावा असे वाटू लागते. तो भेद आपल्या लेखनाचा आहे, जर्मानिक भाषांचा (इंग्रजी, जर्मन, डच, स्कँडिनेव्हियन भाषा, गॉथिक इत्यादींच्या गटाचा) नाही. म्हणून आधुनिक इंग्रजी शब्द नेहमीच्या पद्धतीने लिहून बाकी सर्व जर्मानिक रूपे या लेखात 'त' आणि 'द' यांनीच लिहिली आहेत. डच आणि स्कँडिनेव्हियन भाषांतील गोल ओठांचा 'ए' देवनागरीत नसल्यामुळे तेथे 'द्यो' असे जवळचे लेखन केले आहे.

दुसरा संकेत तारांकनाचा. रूपापूर्वी * अशी खूण असेल, तर ते रूप कोणत्याही हस्तलिखितात किंवा शिलालेखात आढळलेले नाही, ते तुलनेने पुन्हा उभे केलेले आहे, असा त्याचा अर्थ होतो. ही खूण गाळणे ही या विषयातील सर्वांत गंभीर चूक आहे, कारण त्यामुळे अनुमान आणि पुरावा यांतील सीमारेषाच पुसली जाते.

पायरी १: शब्द नेमका ठरवणे

'डोअर' या शब्दाला दोन अर्थ आहेत: भिंतीत सोडलेली ये-जा करण्याची मोकळी जागा, आणि ती बंद करणारी फळी. मराठी 'दार' हेही दोन्हींसाठी चालते. 'तो दारात उभा राहिला' यात जागा आहे आणि 'दार लावून घे' यात फळी आहे. नोंदवहीत हे दोन अर्थ पहिल्यापासून वेगळे ठेवावेत, कारण जर्मानिक भाषांची वाट नेमकी येथेच फुटते.

त्याच वेळी लेखनाच्या जुन्या पद्धतीही टिपाव्यात. १९०१ च्या लेखनसुधारणेपूर्वीच्या जर्मन पुस्तकांत 'त्यूर' (दार) आणि 'तोर' (मोठे दार, वेस) हे शब्द 'त' च्या अक्षरापुढे 'ह' चे अक्षर जोडून लिहिलेले आढळतात. तेथे 'थ' असा उच्चार कधीच नव्हता. जुने पुस्तक पाहून 'जर्मनमध्ये पूर्वी थ होता' असे लिहिणाऱ्याची पुढची सारी मांडणी कोसळते.

*पडताळणी:* शब्दाचा उच्चार आणि त्याचे लेखन ही दोन्ही स्वतंत्रपणे नोंदवली आहेत का?

पायरी २: प्रत्येक भाषेतील सर्वांत जुने रूप मिळवणे

आजच्या एका भाषेतील शब्दाची तुलना आजच्या दुसऱ्या भाषेतील शब्दाशी थेट करू नये. प्रत्येक शब्दाला आधी त्याच्या स्वतःच्या भाषेत मागे न्यावे, आणि मगच ती जुनी रूपे एकमेकांसमोर ठेवावीत.

'डोअर' मागे नेला की जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारणपणे ७ व्या ते ११ व्या शतकातील भाषेत, एकाऐवजी दोन शब्द सापडतात: स्त्रीलिंगी 'दुरु' म्हणजे दार, आणि नपुंसकलिंगी 'दोर' म्हणजे मोठे दार किंवा वेस. मध्ययुगीन इंग्रजीत हे दोन्ही एकमेकांत मिसळले आणि आजचा एकच शब्द उरला. जुन्या उच्च जर्मनमध्ये, सुमारे ७५० ते १०५० या काळात, अशीच जोडी आहे: 'तुरि' आणि नपुंसकलिंगी 'तोर'. जर्मन भाषेने मात्र ती जोडी मोडली नाही. 'तुरि' चे 'त्यूर' झाले आणि 'तोर' तसेच राहिले. बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग वेशीच्या नावात हाच 'तोर' आहे आणि फुटबॉलच्या गोललाही जर्मन माणूस 'तोर' च म्हणतो.

जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियन भाषांच्या जुन्या रूपात, 'द्युर्र' आहे आणि तो कायम अनेकवचनी आहे. गॉथिकमध्ये नपुंसकलिंगी शब्द आहे. तो अक्षरशः उतरवला तर 'दौर' होतो, पण 'र' पूर्वीची ही अक्षरजोडी ऱ्हस्व 'ऑ' साठी वापरली जात असल्याने त्याचा उच्चार 'दॉर' च्या जवळचा मानतात. गॉथिकचे महत्त्व त्याच्या प्राचीनतेत आहे. वुल्फिला यांनी ४ थ्या शतकात बायबलचे गॉथिकमध्ये भाषांतर केले, आणि त्याचे ६ व्या शतकात चांदीच्या शाईने लिहिलेले हस्तलिखित स्वीडनमधील उप्साला येथे जपलेले आहे. जर्मानिक गटात इतका जुना आणि इतका मोठा सलग मजकूर दुसरा नाही.

आजची उरलेली रूपे त्यानंतर भरावीत: डच 'द्योर', पश्चिम फ्रिशियन 'दोआर', स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन 'द्योर', आइसलँडिक 'दिर'.

*सावधान:* गॉथिक ही इंग्रजीची किंवा जर्मनची आई नाही. ती पूर्व शाखेतील, आता लुप्त झालेली बहीण आहे. 'गॉथिकवरून इंग्रजी शब्द आला' असे वाक्य नोंदवहीत आढळले तर ते तेथेच खोडावे.

पायरी ३: परके शब्द बाजूला काढणे

ही पायरी गाळण्याचा मोह फार होतो, कारण सारखे दिसणारे शब्द हाती लागले की यादी लांबवाविशी वाटते. प्रत्येक शब्दाला दोन प्रश्न विचारावेत: हा निव्वळ समोच्चारी (उच्चार सारखा, मूळ वेगळे) आहे का, आणि हा उसना (दुसऱ्या भाषेतून घेतलेला) आहे का?

समोच्चारी शब्दांचा सापळा या शब्दाभोवती विशेष दाट आहे. जर्मनमध्ये पुल्लिंगी 'तोर' म्हणजे मूर्ख मनुष्य; नपुंसकलिंगी 'तोर' शी त्याचा संबंध नाही, आणि हे केवळ लिंगाच्या रकान्यावरून लगेच कळते. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये 'द्योर' याच लेखनाचे क्रियापदही आहे आणि त्याचा अर्थ 'मरतो' असा आहे. नॉर्स देव थोर हा तर 'थ' ने सुरू होणारा, मेघगर्जनेच्या शब्दाशी जोडलेला वेगळाच शब्द आहे. जर्मन 'तुर्म' म्हणजे मनोरा. तो लॅटिन 'तुर्रिस' पासून आलेला आहे. मराठी वाचकासाठी आणखी एक सापळा आहे तो 'जमीनदार', 'फौजदार' यांतील 'दार' चा. तो फारसीतील 'धारण करणारा' या अर्थाचा प्रत्यय असून त्याचे नाते संस्कृत 'धृ' धातूशी आहे, घराच्या दाराशी नाही.

उसने शब्द ओळखण्याची कसोटी अशी: ज्या शब्दाने गटातील जुने ध्वनिबदल अनुभवलेले नाहीत, तो त्या बदलांनंतर आलेला असतो. लॅटिन 'पोर्ता' (वेस) पासून डचमध्ये 'पोर्त' आणि जर्मनमध्ये 'प्फोर्ते' हे शब्द आले. जर्मनमधील आरंभीचा 'प्फ' सांगतो की उच्च जर्मनमधील व्यंजनबदल होण्यापूर्वीच हा शब्द तेथे पोहोचला होता. पण 'प' चा 'फ' करणारा त्याहून जुना, सर्व जर्मानिक भाषांना लागू असलेला बदल त्याच्यावर झालेला दिसत नाही. नाहीतर डचमध्येही 'फ' च असता. म्हणजे या उसनवारीचा काळ दोन बदलांच्या मध्ये पकडता येतो.

हीच कसोटी लॅटिन 'दिस्कुस' (चकती) या शब्दालाही लावून पाहावी, कारण स्वयंपाकघरातला हा शब्द सरावासाठी फार चांगला आहे. त्याच्यापासून इंग्रजीत 'डिश' म्हणजे ताटली आणि जर्मनमध्ये 'तिश' म्हणजे टेबल झाले. जर्मनमध्ये 'द' चा 'त' झालेला आहे, म्हणून ही उसनवारीही जुनी. इंग्रजीतील 'डिस्क' आणि 'डेस्क' हे मात्र त्याच मूळ शब्दाचे पुढील काळातील, पुस्तकी लॅटिनच्या वाटेने आलेले अवतार आहेत. एकाच शब्दाची दोन-तीनदा झालेली उसनवारी वंशवृक्षात एकाच फांदीवर दाखवणे, ही चूक चांगल्या अभ्यासकांच्या टिपणांतही दिसते.

*पडताळणी:* यादीतील प्रत्येक शब्दापुढे 'वारसा', 'उसना' किंवा 'समोच्चारी' यांपैकी एक शेरा असलाच पाहिजे. शेरा देता येत नसेल तर तो शब्द पुढच्या पायरीत नेऊ नये.

पायरी ४: बहिणींमध्ये व्यंजनांचा ताळा

आता फक्त वारशाचे शब्द उरले. त्यांत इंग्रजी, डच, फ्रिशियन, स्कँडिनेव्हियन आणि गॉथिक यांच्याकडे आरंभी 'द' आहे, तर जर्मनकडे 'त'. हा फरक अपघाती आहे की नियमित, हे एका शब्दावरून कधीच ठरत नाही. त्यासाठी समांतर जोड्या लागतात, आणि त्या किमान चार तरी असाव्यात: इंग्रजी 'डे' आणि जर्मन 'ताग' (दिवस), 'डॉटर' आणि 'तोख्तर' (मुलगी), 'डीप' आणि 'तीफ' (खोल), 'ड्रिंक' आणि 'त्रिंकन' (पिणे). डच भाषा प्रत्येक वेळी इंग्रजीच्या बाजूने उभी राहते: 'दाख', 'दोख्तर', 'दीप', 'द्रिंकन'. फरक नियमित आहे.

आता मूळ कोणते, 'द' की 'त'? येथे बहुमत मोजून निर्णय देऊ नये, कारण पाच भाषांनी मिळून तोच बदल केला आणि एकीने जुने रूप जपले, असेही घडू शकते. निर्णय व्यवस्थेवरून द्यायचा असतो. जर्मानिकमध्ये ज्या शब्दांत आरंभी मुळात 'त' होता, त्यांत जर्मनने 'त्स' केला आहे: इंग्रजी 'टेन' आणि जर्मन 'त्सेन' (दहा), 'टंग' आणि 'त्सुंगे' (जीभ), 'टूथ' आणि 'त्सान' (दात). म्हणजे 'दार' या शब्दात मूळ 'त' असता तर जर्मनमध्ये 'त्स' ने सुरू होणारे रूप मिळाले असते. तसे ते नाही. जर्मनमध्ये जुना 'त' सरकून 'त्स' झाला आणि 'द' त्या रिकाम्या जागी आला. म्हणून आद्य-जर्मानिक, म्हणजे या सर्व बहिणींच्या पुनर्रचित पूर्वज भाषेतील, रूपाचा आरंभ *द असाच मांडावा लागतो.

*सावधान:* सरावाच्या काळात शब्दारंभीचीच व्यंजने घ्यावीत. शब्दाच्या मध्यभागी बलाघाताच्या जागेनुसार व्यंजन बदलण्याचा वेगळा नियम आहे, तो व्हेर्नर यांच्या नावाने ओळखला जातो; त्याची ओळख होण्यापूर्वी मधल्या व्यंजनांची तुलना केली तर नियम मोडल्याचा खोटा भास होतो. 'स' ला जोडून येणारे 'त', 'प', 'क' हेही या बदलांतून सुटलेले असतात, त्यांना आधी हात लावू नये.

पायरी ५: स्वरांचा उलगडा

व्यंजनांचा निकाल लागल्यावरच स्वरांकडे वळावे. स्वर अधिक अस्थिर असतात, आणि त्यांपासून सुरुवात करणारा माणूस मनाला येईल ते सिद्ध करू शकतो.

जुन्या रूपांत आपल्यासमोर तीन स्वर आहेत: 'दुरु' आणि 'तुरि' मधला 'उ', 'दोर' आणि 'तोर' मधला 'ओ', आणि 'द्युर्र' व आजचा 'त्यूर' यांतील पुढे सरकलेला 'यू'. हे तिन्ही स्वर एका मूळ *उ पासून निघतात, आणि प्रत्येकाचे कारण पुढच्या अक्षरात आहे. पुढे 'इ' असेल तर जीभ आधीच पुढे झुकते आणि 'उ' चा 'यू' होतो. 'तुरि' मधला तो 'इ' लेखनात अजून दिसतो, नॉर्समध्ये तो झिजून गेला पण स्वरावर आपली खूण ठेवून गेला. पुढे 'अ' असेल तर 'उ' खाली उतरून 'ओ' होतो. नपुंसकलिंगी रूपाच्या शेवटी असा 'अ' होता. अशा रीतीने *दुर- हे एक अंग आणि त्याची दोन वेगवेगळ्या प्रत्ययांची रूपे, एवढे आद्य-जर्मानिकमध्ये मानले की सर्व भाषांतील स्वर जागच्या जागी बसतात.

*पडताळणी:* प्रत्येक जुन्या रूपाचा स्वर पुनर्रचित रूपापासून नियमाने काढता येतो का, हे खालून वर नव्हे तर वरून खाली, म्हणजे *दुर- पासून सुरुवात करून, एकदा स्वतः लिहून पाहावे. एकही रूप उरले तर पायरी ३ कडे परतावे.

पायरी ६: अर्थ आणि वचन यांची साक्ष

ध्वनी जुळले तरी अर्थाची वाट दाखवल्याशिवाय व्युत्पत्ती पूर्ण होत नाही. पायरी १ मध्ये जागा आणि फळी वेगळी ठेवण्याचे कारण आता कळेल. गॉथिक बायबलमध्ये 'अरुंद दरवाजाने आत जा' या मत्तयच्या ७ व्या अध्यायातील वचनात 'दौर' आहे, तर त्याच मत्तयच्या ६ व्या अध्यायात 'आपले दार लावून घेऊन प्रार्थना कर' असे सांगताना 'हौर्द्स' हा पूर्ण वेगळा शब्द वापरला आहे. लावायची ती 'हौर्द्स', ज्यातून जायचे ते 'दौर'. आइसलँडिकमध्ये हा भेद आजही जिवंत आहे: 'दिर' म्हणजे दाराची जागा आणि 'हुर्द' म्हणजे कवाड. या 'हुर्द' चा इंग्रजीतील नातलग 'हर्डल' आहे, आणि मुळात कामट्यांचे विणलेले कूड असा त्या शब्दगटाचा अर्थ असल्याने फळीपूर्वीचे दार कसे असेल याची कल्पना येते. दोन दूरच्या भाषा हा भेद राखतात, यावरून *दुर- चा जुना अर्थ मोकळ्या जागेचा होता असे मानायला चांगला आधार मिळतो. इंग्रजी, जर्मन आणि डच यांनी तो फळीपर्यंत वाढवला.

आता चौथा रकाना पाहावा. नॉर्स 'द्युर्र' अनेकवचनी आहे, आइसलँडिक 'दिर' आजही अनेकवचनीच चालतो, आणि जर्मन 'तुरि' हेही मुळात अनेकवचनाचे रूप आहे. एका दारासाठी अनेकवचन का, या प्रश्नाचे उत्तर जर्मानिक गटाबाहेर मिळते. लॅटिन 'फोरेस' आणि लिथुएनियन 'दुरिस' हेही अनेकवचनी आहेत, आणि ऋग्वेदात हा शब्द द्विवचनात आणि अनेकवचनात भरपूर येतो. दोन कवाडांचे दार, असे त्यामागचे चित्र असावे. ध्वनीखेरीज व्याकरणातील असा विचित्र तपशील जेव्हा अनेक शाखांत जुळतो, तेव्हा योगायोगाची शंका जवळजवळ मावळते. माझ्या मते या शब्दाच्या बाबतीत हा सर्वांत देखणा पुरावा आहे.

पायरी ७: आता चुलत शाखा, आणि 'द्वार'

सारे फिरते मजकूर ज्या पायरीपासून सुरू होतात, ती येथे सातवी आहे. आद्य-जर्मानिक *दुर- हाती नसताना संस्कृतकडे जाऊ नये, कारण तुलना इंग्रजीशी करायची नसून त्या आद्य रूपाशी करायची असते.

ग्रिम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमातील दंत्य व्यंजनांचा भाग असा आहे:

संस्कृत 'त' च्या जागी जर्मानिक 'थ': त्रि आणि 'थ्री', तनु आणि 'थिन'.
संस्कृत 'द' च्या जागी जर्मानिक 'त': दश आणि 'टेन', दन्त आणि 'टूथ', द्वौ आणि 'टू'.
संस्कृत 'ध' च्या जागी जर्मानिक 'द': विधवा आणि 'विडो', मधु आणि 'मीड' (मधाची दारू), धा आणि 'डू'.

आता 'द्वार' तपासावे. संस्कृतात 'द' आहे, म्हणून जर्मानिकमध्ये 'त' अपेक्षित आहे. इंग्रजीत 'टोअर' आणि जर्मनमध्ये 'त्स' ने सुरू होणारे रूप व्हायला हवे होते. प्रत्यक्षात *द आहे. म्हणजे ज्या साम्याचे सर्वांना कौतुक वाटते, तेच साम्य नियम मोडते. जर्मानिकचा *द मागतो तो 'ध'.

अशा वेळी तिसऱ्या शाखेची साक्ष काढावी. ग्रीकमध्ये 'थ्युरा' आहे, आणि ग्रीक 'थ' हा मूळ *ध चा नियमित वारस आहे. लॅटिनमध्ये 'फोरेस' आहे, आणि शब्दारंभीचा मूळ *ध लॅटिनमध्ये 'फ' होतो, जसे 'धूम' आणि 'फूमुस'. ग्रीक, लॅटिन आणि जर्मानिक या तिन्ही शाखा *ध कडे बोट दाखवतात. म्हणून भारोपीय (संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मानिक इत्यादी शाखांच्या समान पूर्वज भाषेतील) मूळ *ध्वेर- किंवा त्याचे संकुचित रूप *धुर- असे मांडतात, आणि अनियमित ठरते ते संस्कृत.

संस्कृतात 'ध' चा 'द' का झाला? एक सोपे उत्तर आधी तपासून बाजूला ठेवावे लागते. लागोपाठच्या अक्षरांत दोन महाप्राण आले की पहिला अल्पप्राण होतो, हा ग्रासमान यांचा नियम 'दुहितृ' ला लागू पडतो. तेथे पुढचा 'ह' हा जुन्या महाप्राणाचा अवशेष आहे, म्हणूनच 'डॉटर' आणि 'दुहितृ' यांतही वरवर 'द' समोर 'द' दिसतो. 'द्वार' मध्ये पुढे महाप्राण नाही, म्हणून हा नियम येथे चालत नाही. अभ्यासक सामान्यतः असे स्पष्टीकरण देतात की दोन कवाडांच्या वस्तूच्या नावावर 'द्व', 'द्वि' या संख्यावाचक शब्दाचा प्रभाव पडला. हे सादृश्याचे स्पष्टीकरण आहे, ध्वनिनियमाचे नव्हे, आणि नोंदवहीत तसेच लिहावे.

*सावधान, तीन गोष्टींबाबत.* पहिली, रशियन 'द्वेर', लिथुएनियन 'दुरिस' आणि फारसी 'दर' हे सगोत्र (एकाच मुळाचे) शब्द असले तरी 'द' की 'ध' या वादात साक्षीदार होऊ शकत नाहीत, कारण त्या शाखांत हे दोन्ही ध्वनी एकच झाले आहेत. दुसरी, तुलनेसाठी स्वराची योग्य अवस्था निवडावी. जर्मानिक *दुर- ची खरी जोड 'द्वार' या विस्तारित रूपाशी नसून ऋग्वेदातील 'दुरः' या रूपातल्या 'दुर्' शी आहे. तिसरी, मराठी 'दार' या आजच्या शब्दाची तुलना कोणत्याही जर्मानिक शब्दाशी थेट करू नये. त्याला आधी प्राकृतातून संस्कृतापर्यंत न्यावे लागते.

पायरी ८: पुन्हा खाली उतरणे

मूळ मिळाले की वंशज नोंदवायचे, आणि येथे वृक्षात दोन प्रकारच्या रेषा वापराव्यात: वारशासाठी सलग, उसनवारीसाठी तुटक. इंग्रजीचेच पाहा. 'डोअर' ला सलग रेषा मिळते. 'फॉरेन' हा शब्द लॅटिनमधील 'दाराबाहेर' या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला, 'थायरॉइड' हा दाराच्या आकाराच्या लांबट ढालीच्या ग्रीक नावावरून बनला, आणि 'दरबार' व 'दरवान' हे फारसीतील 'दर' चे शब्द भारतातून इंग्रजीत गेले; या सर्वांना तुटक रेषा. मराठीतही तेच: 'दार' हा प्राकृताच्या वाटेने आलेला तद्भव, 'द्वार' हा तत्सम, आणि 'दरवाजा', 'दरबार', 'दरवान' हे फारसीतून घेतलेले. एकाच मुळाचे हे तीन प्रवाह एका ओळीत 'दार, द्वार, दरवाजा' असे लिहिले की त्यांचा इतिहास हरवतो.

सामासिक शब्दांबाबत अधिक जपून राहावे. दारावरच्या रक्षकासाठी गॉथिकमध्ये 'दौरावर्द्स', जुन्या इंग्रजीत 'दुरुवेअर्द' आणि जुन्या जर्मनमध्ये 'तुरिवार्त' आहे. ही रूपे एका आद्य-जर्मानिक समासाचे वारस असू शकतात, पण दोन्ही घटक प्रत्येक भाषेत जिवंत असल्यामुळे तो समास स्वतंत्रपणेही सहज घडू शकतो. डच 'द्योरवार्दर' आज न्यायालयाचे हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्यास म्हणतात, आणि जर्मन 'तोरवार्त' म्हणजे फुटबॉलचा गोलरक्षक. यांचे घटक वारशाचे आहेत, आजचे अर्थ मात्र त्या त्या भाषेने घडवलेले आहेत. पारदर्शक समासापुढे म्हणूनच 'घटक वारशाचे, समास अनिश्चित' असा शेरा द्यावा.

पायरी ९: नोंद लिहिणे

नोंद छोटी असावी आणि तिच्यात पुरावा, अनुमान आणि शंका यांच्या जागा वेगळ्या दिसाव्यात. आपल्या शब्दाची नोंद अशी होईल:

डोअर (इंग्रजी). जुने इंग्रजी 'दुरु' (स्त्री.) आणि 'दोर' (नपुं.) यांच्या मिश्रणातून. सगोत्र: जर्मन 'त्यूर', 'तोर', डच 'द्योर', जुने नॉर्स 'द्युर्र' (अनेकवचनी), गॉथिक 'दौर' (नपुं.). आद्य-जर्मानिक *दुर-. भारोपीय *ध्वेर-, *धुर-. गटाबाहेरील सगोत्र: ग्रीक 'थ्युरा', लॅटिन 'फोरेस', संस्कृत 'द्वार्', 'दुर्'. संस्कृतातील 'द' अनियमित, बहुधा 'द्वि' च्या सादृश्याने. इंग्रजी शब्द संस्कृतातून आलेला नाही आणि संस्कृत शब्द युरोपातून आलेला नाही.

'डोअर' ची नोंद जमली की पुढचा सराव खिडकीवर करावा, कारण तेथे उतरण वेगळी आहे. गॉथिकमध्ये खिडकीला 'औगादौरो', जुन्या इंग्रजीत 'एआगदुरु' आणि जुन्या जर्मनमध्ये 'औगातोरा' म्हणत. तिन्हींचा अर्थ 'डोळ्याचे दार', आणि तिन्हींच्या शेवटी आपलाच शब्द आहे. आज यांपैकी एकही रोजच्या वापरात उरलेला नाही: इंग्रजी 'विंडो' नॉर्समधील 'वाऱ्याचा डोळा' अशा समासातून उसना आलेला आहे, आणि जर्मन 'फेन्स्तर' लॅटिन 'फेनेस्त्रा' पासून. अशा शब्दाच्या वृक्षात वरची फांदी काढावी, तिच्यापुढे वंशजांच्या जागी 'लुप्त' असे स्पष्ट लिहावे, आणि 'विंडो' किंवा 'फेन्स्तर' यांना केवळ अर्थ तोच आहे म्हणून त्या फांदीला जोडू नये. त्यांच्यासाठी स्वतंत्र पान घ्यावे.